अब्बांची रिकामी पिशवी

१२ जानेवारी, रविवार

आज बिरदेव घरी आला. सांगलीहून एस.टी.नं विट्यापर्यंत आणि तिथून वाडीला वडापच्या जीपमध्ये, मागच्या बाकावर. एवढा मोठा लेखक, पण हाडं खिळखिळी करून घेऊन आला. पाय सुजलेले, चपलेचे पट्टे कातडीत रुतलेले. ओसरीवर टेकला, माझ्या बायकोनं, अख्तरबीनं दिलेला तांब्या निम्मा करून ठेवला आणि श्वास खाली बसल्यावर म्हणाला, "अमीर, माझ्या गोष्टी इंग्रजीत चालल्यात. दिल्लीचं प्रकाशन हाय. भाषांतर तू कर."

"मी? आरं, मी बोर्डिंगच्या भटारखान्यातला माणूस."

"म्हणूनच. पाचगणीत पोरांनी टाकलेली पुस्तकं घेऊन चुलीपाशी बसायचास, ठाऊक हाय मला. शाळेच्या अंकात तू केलेली भाषांतरं बी वाचल्यात. दिल्लीवाल्यांनी दुसऱ्या दोघांकडनं नमुना करून घेतला. इंग्रजी लय झ्याक. पण वाचलं की वाटतंय, आपली वाडी कुणीतरी इस्त्री मारून घडी घालून ठेवलीया."

हसायचं नव्हतं. हसलो.

"पहिली कुठली करू?"

"'वाटा'." माझ्याकडं बघत म्हणाला. नजर काढली नाही. "ती आदी कर. बाकीच्या मागनं हुत्याल."

निर्लज्जपणाला काही वेस असते का नाही? ज्या गोष्टीनं माझ्या बापाला जिवंतपणी मातीत घातलं, तीच गोष्ट घेऊन माझ्याच ओसरीवर! मी म्हणालो, करतो.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. वैरी स्वतःच्या पायांनी आला, मान पुढं केली आणि म्हणाला, चालव सुरी. आम्ही मुलाणी. घराण्याचं कामच ते. मी जन्मात बकरं कापलं नाही, हा मात्र कापणार.

तो गेल्यावर अख्तरबी म्हणाली, "जेवून जा, जेवून जा, किती येळा म्हटलं तुमी त्याला?"

वैऱ्याला उपाशी पाठवत नाहीत, एवढंही हिला कळत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या बायका तिळगूळ देऊन गेल्या. गोड बोला म्हणाल्या. बोललो. आता इथं कडू लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा व्हायचा नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली बिरोबाची जत्रा. माझे अब्बा, दस्तगीर मुलाणी, वाडीचे मुलाणी. नवसाचं बकरं धनगराचं असो का मराठ्याचं, सुरी मुलाण्यानंच फिरवायची, हा देवाच्या दारचा रिवाज. मानेचा वाटा आमचा. काळीज देवाच्या भगताचं. त्या साली बकरी थोडी आणि तोंडं फार. बकरं सोलून झालं आणि भगताचं काळीज गायब! कुणीतरी ओरडलं, मुलाण्याची पिशवी बघा. भर जत्रेत अब्बांची पिशवी उलटी केली. पडलं काय? सुरी, धार लावायचा दगड आणि तंबाखूची चंची. मी आणि बिरदेव खांद्याला खांदा लावून उभे होतो, दोघांनाही मिसरूड फुटत होतं. दोघांनी बघितलं. काळीज नव्हतं. कुत्र्यानं नेलं असेल, घारीनं नेलं असेल, देवाला माहीत. भगतानं अब्बांचे हात धरले, पुढच्या साली सुरी पुन्हा अब्बांच्याच हातात. विषय तिथं मिटला होता.

मग बिरदेव सांगलीला नोकरीला लागला, लिहायला लागला, आणि त्यानं 'वाटा' लिहिली. गोष्टीत पिशवी उलटी करतात आणि काळीज बदकन धुळीत पडतं. मुलाण्याचं नाव बदललं, वाडी बदलली नाही.

मी पाचगणीहून सुट्टीवर आलो होतो. अब्बांना अक्षर येत नव्हतं. म्हणाले, "वाच की. बिरूनं आपल्या वाडीचं लिवलंय म्हणं." मी वाचली. शेवट आधी ठाऊक असता तर खोकल्याचं निमित्त केलं असतं. त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "पोरानं चांगलं लिवलंय." उठून बाहेर गेले. त्यानंतर देवळाकडं पाऊल टाकलं नाही, सुरीला हात लावला नाही, आणि फार दिवस जगलेही नाहीत.

पुढं गोष्ट पोरांच्या पुस्तकात लागली. नात अल्फिया आता कराडला इंजिनिअरिंगला आहे. अकरावीत असताना वर्गातल्या पोरी विचारायच्या, "त्याच वाडीची ना गं तू? पिशवी दाखव बघू." ती हे हसत सांगते. ओठांनी हसते.

२२ जानेवारी, बुधवार

ठरलं. इंग्रजीत काळीज मुलाण्याच्या पिशवीत सापडणार नाही. ते भगताच्या धोतराच्या निऱ्यांत सापडेल. आणि भगत म्हणजे कोण? बिरदेवाचा सख्खा आजा! बिरदेवला इंग्रजी पेपर वाचण्यापुरतं येतं. पुस्तक छापून हातात पडेल तेव्हा कळेल. तोवर आजोबा दिल्लीपासून लंडनपर्यंत काळीज घेऊन पळत सुटलेले असतील.

आज जेवण चांगलं गेलं.

२७ जानेवारी, सोमवार

पहिल्याच वाक्याला अडलो. बिरदेवानं लिहिलंय, "त्या वर्षी माणसांची सावलीसुद्धा बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पडायची." सकाळपासून हेच एक वाक्य करतोय. डिक्शनरी झाली, दोनदा चहा झाला, कागद फाडून झाले. जेवायच्या वेळेला जमलं. असं जमलं की उभा राहून मोठ्यानं वाचलं.

अख्तरबी लसूण सोलत होती. म्हणाली, "आवं, सूड घेताय का बाळंतपण करताय त्याचं?"

तिला काय सांगू? भाजी करपवून सूड घेता येतो, हे काय मला माहीत नाही? बोर्डिंगात असताना एका वॉर्डनवर लय राग होता. पण करपलेलं ताटात वाढायला हातच होत नाही. हात ऐकत नाही. शेवट आला की बघून घेईन. तोवर आमटी नीट शिजू दे.

२ फेब्रुवारी, रविवार

बिरदेव आला. अर्धी गोष्ट वाचून दाखवली. इंग्रजी किती समजलं कोण जाणे, पण डोळे मिटून ऐकत होता आणि नेमक्या जागी मान हलवत होता. मग म्हणाला, "शेवटाचं बोलायचं हुतं. इंग्रजीत पिशवी रिकामी निघू दे."

माझ्या कानशिलात वाफ शिरली.

"का रं?"

"आता दिवस बदलल्यात, अमीर. भायेरची माणसं वाचणार. मुलाणी चोर दावायचा म्हंजी..."

"म्हंजी परक्यासमोर लाज वाटाय लागली व्हय? नाक कापलंस मराठीत, अन् मलम लावतोस लंडनात?"

"तसं न्हवं."

"मग कसं? वाडीत पिशवी भरलेली, विलायतेत रिकामी! माझ्या बापाची पिशवी हाय का एस.टी. हाय? कुठं भरायची अन् कुठं रिकामी करायची, ते कंडक्टरनं ठरवायचं?"

तो हसला. हसता हसता खोकला लागला, आणि खोकला थांबेना. पाठ चोळली त्याची. थांबल्यावर म्हणाला, "शेवट तूच लिव्ह. तुला पायजे तसा."

"मला पायजे तसा शेवट तुला सोसायचा न्हाई."

"बघ की लिवून."

उद्धटपणा बघा! मुलाण्याचं पोरगं काय करणार आहे, अशी खात्री असणार त्याची.

जाताना अख्तरबीनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मला म्हणाली, "मीठ घातलं न्हाई तीत. पाय बघितलासा का त्यांचं?"

मी पाय बघत नाही. मी मान बघतोय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टपरीवर गुंडा भेटला. आमच्यापेक्षा चार उन्हाळे मोठा, बहात्तरच्या जत्रेला हजर. मी मुद्दाम विषय काढला.

"गुंडातात्या, त्या जत्रंत तुमी हुता न्हवं?"

"हुतो म्हंजी? देवाच्या दारात फुडंच उभा हुतो. वाईट नगं वाटून घिऊ गड्या, पर या डोळ्यांनी बघितलंय. पिशवी उलटी केली अन् काळीज बदकन पडलं. कुत्री धावली."

"पिशवी कसली हुती?"

"तांबडी. लालभडक."

आमची पिशवी घोंगड्याच्या तुकड्याची होती. काळी. तांबडी बिरदेवानं केली, गोष्टीत. 'बदकन' हा शब्दही बिरदेवाचाच आणि कुत्री पण त्याचीच.

गुंडा खोटं बोलत नव्हता. तेच वाईट. खोटं बोलत असता तर गचांडी धरली असती. त्यानं खरंच बघितलंय. गोष्ट वाचणाऱ्या नातवाच्या तोंडून ऐकली, आणि डोळ्यांना वाटलं, आपणच बघितलं. भगतानं अब्बांचे हात धरले होते, ते मात्र वाडीत एकालाही आठवत नाही, कारण ते छापलेलं नाही.

धोतराच्या निऱ्यांची युक्ती आज डोक्यातून काढून टाकली. लंडनात आजा पळवून वाडीला काय फरक पडणार? सूड इथं घ्यायचा. त्याच देवाच्या दारात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिल्लीहून सोनियाबाईंचा फोन. प्रकाशनातल्या संपादक. तरुण असाव्यात, पण शिकवणं अंगात आहे. माझं इंग्रजी कुठंकुठं शाळेच्या प्रार्थनेसारखं ताठ उभं राहतं, म्हणाल्या. खरंच होतं. त्यांनी दोन वाक्यं तिथल्या तिथं मोकळी करून दाखवली, मी निमूट लिहून घेतली. भाकरी म्हणजे काय हे प्रत्येक वेळी सांगत बसू नका, वाचणारा भुकेला असेल तर त्याला कळेल, म्हणाल्या. हे वाक्य आवडलं.

मग शेवटावर आल्या. बिरदेवानं त्यांनाही रिकाम्या पिशवीचं कळवलंय. त्या म्हणाल्या, "अमीरजी, खरं सांगू? रिकामी पिशवी कमजोर वाटते. काळीज पडतं तिथं गोष्टीला धक्का आहे."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! फोन ठेवून देणार होतो. पण त्यांचा काय दोष? म्हणून सांगितलं, "बाई, पिशवी माझ्या वडिलांची होती. ती रिकामीच होती."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.  मग म्हणाल्या, "अनुवादकाला टीप लिहिण्याचा हक्क असतो. गोष्टीच्या शेवटी, तुमच्या नावानं. तुम्ही लिहा. एक शब्द कापणार नाही."

आत्तापर्यंत मानेच्या वाट्याचा हक्क ठाऊक होता. हा नवाच हक्क निघाला.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. ऊन आत्ताच भाजतंय. अख्तरबी म्हणाली, "रोज्यात मनात वाईट ठेवू नये." मी म्हटलं, वाईट नाही ठेवलेलं, हिशेब ठेवलाय. म्हणाली, "नाव बदललं म्हणून कारल्याची काकडी हुत नसती."

हरकत नाही. अल्लाला माझं पोट रिकामं दिसेल आणि मन भरलेलं. त्याला दोन्ही माहीतच आहेत.

१६ मार्च, रविवार

बिरदेवाची गोष्ट इंग्रजीत चालल्याचं पेपरात आलं. ग्रामपंचायतीनं पाडव्याला देवळापुढं त्याचा सत्कार ठरवलाय. शाल, नारळ, फेटा. गुंडातात्याच्या हस्ते. मला अनुवादक म्हणून गुलाबाचं एक फूल.

याहून चांगली जागा कुठली मिळणार? बिरदेवला फोन लावला.

"सत्काराला येणार न्हवं?"

"येतो की."

"मग ऐक. सत्कार व्हायच्या आदी भंडारा उचलायचा. बिरोबाम्होरं, समद्यांच्या देखत. अन् सांगायचं, माझ्या बापाच्या पिशवीत काय हुतं."

आमच्याकडं कोर्टात माणूस काहीही बोलेल, पण देवापुढचा भंडारा, ती हळद, मुठीत घेऊन खोटं बोलणार नाही. बिरदेव पुस्तकांत देव मानत नाही, पण धनगराच्या पोटचा आहे. मला वाटलं, आता सबबी निघतील. गोष्ट ती गोष्टच असते, कल्पना असते, वगैरे. सगळ्या सबबींची उत्तरं तयार ठेवून बसलो होतो.

 तो एवढंच म्हणाला, "किती वाजता?"

हादरला असणार. दुसरं काही सुचलंच नसणार त्याला.

३० मार्च, रविवार

पाडवा. रोजा सुटल्यावर लिहितोय. चंद्र दिसला, उद्या ईद. पण आधी हे.

देवळापुढं मांडव, खुर्च्या, कर्ण्यावर गाणी. अल्फिया सुट्टीवर आलीय, ती माझ्याशेजारी उभी. बिरदेव खुर्चीत बसलेला, पुढ्यातल्या टेबलावर शालीची घडी. सरपंचानं भाषण केलं. वाडीचं नाव सातासमुद्रापार, वगैरे. मग गुंडातात्या माइकपाशी गेला आणि 'वाटा' गोष्टीचं वर्णन करायला लागला. "ती घडली तवा मी हुतो! काळीज बदकन पडलं, या डोळ्यांनी..." लोक हसले. काही माझ्याकडं बघून हसले. अल्फिया हसली नाही.

मी पुढं झालो.  म्हणालो, "तात्या, बघितलंसा न्हवं? मग उचला भंडारा. देव इथंच हाय."

कर्णा कुणीतरी बंद केला. गुंडातात्यानं गाभाऱ्याकडं बघितलं, पुजाऱ्यानं ताटली पुढं केली. पिवळाधमक भंडारा. तात्याचा हात ताटलीपर्यंत गेला. तिथं थांबला.  आणि त्यानं हात मागं घेतला. स्वतःच्या हाताकडं असा बघत होता, जसा काही तो दुसऱ्याचा आहे.

"काय झालं, तात्या?"

"बघितल्यागत वाटतंय रं," तो हळू म्हणाला. "पर उचलवंना."

मग मी ताटली फिरवली. जे जे त्या जत्रेला होते म्हणून सांगतात, त्या एकेका म्हाताऱ्यापुढं. बयाबाई म्हणाली, "माझ्या लेकराबाळांवर नगं." धुळा उठून चप्पल शोधायला लागला. एकाचाही हात हळदीला लागला नाही. एवढ्या वर्षांची साक्ष, आणि चिमूटभर उचलायला कुणी नाही!

खोटं कशाला लिहू? त्या घटकेला असं गोड वाटलं, जणू जिभेवर खजूर ठेवलाय. रोजा असताना.

शेवटी बिरदेवापुढं ताटली धरली. यालाच लटपटताना बघायचं होतं. पण त्यानं इतक्या पटकन मूठ घातली, की ताटली माझ्या हातातून निसटता निसटता राहिली. जणू ताटली यायचीच वाट बघत बसला होता. घाबरल्यावर माणूस घाई करतो, तसं असेल. हात वर केला. हळद मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. म्हणाला, "दस्तगीरचाचांच्या पिशवीत सुरी हुती, दगड हुता, चंची हुती. काळीज न्हवतं. मी तिथं हुतो. काळीज मी घातलं, कागदावर. गोष्ट उभी ऱ्हात न्हवती म्हणून."

एवढंच. पुढं रडला नाही, हात जोडले नाहीत. सबब तर एकही सांगितली नाही.

गर्दीत कुजबूज झाली, मग आवाज चढला. "म्हंजी गोष्ट खोटी?" "आमच्या पोरांनी पाठ केली की ती!" "सत्कार कसला करताय मग?" कुणी म्हणालं, याला इथून घालवा. आश्चर्य हे, की सगळ्यांत जास्त चिडले ते भंडारा न उचलणारेच. शालीची घडी तशीच राहिली. नारळ पुजाऱ्यानं आत नेऊन ठेवला. सरपंचानं माइक काढायला सांगितलं. मला हवं होतं तेच झालं. लोकांनी त्याच्याकडं तसं बघितलं, जसं माझ्या बापाकडं बघायचे.

मांडव रिकामा झाला. पायऱ्या उतरताना मी बिरदेवचा दंड धरला. धरायला लागला. पडला असता तर लोक म्हणाले असते, मुलाण्यानं ढकलला.

खाली आल्यावर म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

"न्हाई."

"मला वाटलंच हुतं, न्हाई म्हणशील," म्हणाला, आणि पहिल्यांदा मोकळा हसला. याला हसायला काय झालं, कळलं नाही. डोक्यावर परिणाम झाला असेल.

३१ मार्च, सोमवार. ईद

बिरदेव रात्री पुतण्याकडं राहिला होता. पुतण्यानं नीट विचारलं नाही म्हणे. नमाज करून येतो तर हा आमच्या ओसरीवर, आणि अख्तरबी त्याला शीरखुर्मा वाढतेय. अर्धी वाटी, साखर बेताची. अल्फिया त्याच्याशी बोलत नव्हती, पण पाण्याचा तांब्या तिनंच आणून ठेवला.

मी आतून कागद आणला. सोनियाबाईंना पाठवायची टीप. चार ओळींची. वाचून दाखवली आणि त्याला अर्थ सांगितला. गोष्ट लेखकानं लिहिली तशीच दिली आहे. पिशवी भरलेली. ही पिशवी विट्याजवळच्या एका वाडीतल्या दस्तगीर मुलाण्यांची. ती रिकामी होती. भरलेली पिशवी खोटी आहे. खाली माझं नाव, मुलगा आणि अनुवादक.

"शेवट बदलला न्हाईस?" त्यानं विचारलं.

"का बदलू? तू लिवलंस ते तसंच जाणार. लोकांनी काळीज पडलेलं बघू दे, अन् पडल्या पडल्या खाली वाकून ही टीप वाचू दे. जवर तुझी गोष्ट ऱ्हाईल, तवर माझ्या बापाची रिकामी पिशवी तिच्या बुडाला बांधलेली ऱ्हाईल. सुटका न्हाई."

त्यानं वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "मराठीत नवी आवृत्ती निघतीया. टीप त्यात बी पायजे. वाडी इंग्रजी वाचत न्हाई."

हे मीच म्हणणार होतो. माझ्या तोंडचं त्यानं काढून घेतलं, याचा राग आला.

"पायजेच," मी म्हणालो. "पण मराठी मी करणार न्हाई. तुझी गोष्ट मी केली. आता माझ्या चार ओळी तू कर. हितंच बसून."

अख्तरबीनं माझ्याकडं बघितलं. पाट आणला, कागद आणला. एवढा नावाजलेला लेखक माझ्या ओसरीवर पाय पसरून बसला आणि मुलाण्याच्या पोराचा अनुवाद करायला लागला.  काल लावलेली हळद अजून नखांत होती. अब्बांचं नाव लिहिताना थांबला, टोपण चावलं, मग लिहिलं.

मी वाचलं. "ही कुठली अक्कल? 'भरलेली पिशवी ही लेखकाची कल्पना आहे.' मी काय लिवलंय?"

"खोटी."

"मग?"

त्यानं 'कल्पना' खोडलं. शाई पसरली. वर लिहिलं, खोटी. वाक्य सुधारून पुन्हा कागद माझ्याकडं दिला. वाचला. बरोबर होता. एक शब्द इकडचा तिकडं करायची गरज नव्हती. अल्फियानं माझ्या खांद्यावरून वाकून वाचला आणि चुलीकडं गेली. थोड्या वेळानं तिनं त्याला अर्धी वाटी आणखी आणून दिली.

बिरदेव विचारत होता, "झालं? जाऊ मी? दुपारच्या एस.टी.ला गर्दी नसती."

कागद त्याच्यापुढं परत सरकवला.

"पुन्हा लिव्ह. खाडाखोड हाय."

त्यानं नवा कागद ओढला. दुपारची एस.टी. गेली. संध्याकाळची पण गेली. अक्षर काही मला हवं तसं येईना.